जॉन विल्यम्स आणि चुलीतली राख

अमेरिकन लेखक जॉन विल्यम्सच्या 'स्टोनर' या कादंबरीची गोष्ट मी पहिल्यांदा कुणाला सांगितली असेल तर ती आमच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, डबे उघडून बसलो होतो तेव्हा. शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा, शेतीचं शिक्षण घ्यायला मिझुरी विद्यापीठात जातो, तिथं इंग्रजी साहित्याच्या नादाला लागतो, तिथंच मास्तर होतो, नको त्या बाईशी लग्न करतो, पुढं हेडशी वाकडं येतं, मधे एक खरं प्रेम मिळतं तेही सोडावं लागतं, चाळीसेक वर्षं शिकवून असिस्टंट प्रोफेसरच्या वर काही जात नाही आणि शेवटी कॅन्सरनं मरतो. संपली कादंबरी. मी जरा गहिवरूनच सांगत होतो, आदल्या रात्रीच वाचून संपवलेली. आमच्यातले मराठीचे एक सर, माझ्यासारखेच तासिका तत्त्वावरचे, मेथीची भाजी चपातीनं पुसून घेत शांतपणे म्हणाले, "पण पर्मनंट होता ना?"

म्हटलं, हो.

"मग रडतोय कशाला?"

सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून काही गेलं नाही, आज इतकी वर्षं झाली तरी.

तासिका तत्त्व ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही एमए, सेट किंवा नेट (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा) पास, कधी पीएचडीसुद्धा असता, वर्गावर पर्मनंट सरांइतकंच शिकवता, पण पैसे तासावर. सुट्टी लागली की पैसे बंद, पेपर चालू झाले की पैसे बंद, आणि जे काही होतात त्याचं बिल मंजूर होऊन येईपर्यंत दुसरं वर्ष लागलेलं असतं. मी एका तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीला असा सहा वर्षं होतो. तक्रार म्हणून सांगत नाही (बरं, थोडी तक्रार आहेच), पण जॉन विल्यम्स मी कुठल्या खुर्चीवर बसून वाचला ते कळलं पाहिजे, कारण पुण्यातल्या कॅफेत बसून वाचणाऱ्याला त्यात जे दिसतं ते आम्हाला दिसलं नाही आणि आम्हाला जे दिसलं ते त्याला दिसणार नाही.

तर हा विल्यम्स. जन्म १९२२, उत्तर टेक्ससमधलं क्लार्क्सव्हिल नावाचं गाव. आजी-आजोबा शेतकरी, सावत्र बाप पोस्टात झाडूपोछ्याच्या कामाला. पोरगं लिहायला आणि नाटकात काम करायला हुशार, पण जवळच्या ज्युनियर कॉलेजात पहिल्याच वर्षी नापास होऊन बाहेर पडलं. पुढे आयुष्यभर विद्यापीठात शिकवणार असलेला माणूस पहिल्या वर्षी नापास, हे मला फार आवडतं. माझ्या नापास पोरांना मी हे सांगायचो, ती म्हणायची सर तुम्ही काहीही सांगता.

मग थोडे दिवस वर्तमानपत्रं, रेडिओ स्टेशन असं करत होता, तेवढ्यात युद्ध आलं आणि मनात नसताना हा हवाई दलात भरती झाला. आणि पोचला कुठं, तर आपल्याकडे. अडीचेक वर्षं त्यानं हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश या भागात काढली. जपान्यांनी ब्रह्मदेशातला रस्ता तोडल्यामुळे चीनला माल पोचवायचा तर आसामातून विमानानं, हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवरून. वैमानिक त्या डोंगरांना नुसतं हंप म्हणायचे, म्हणजे उंटाचं मदार. त्या वाटेवर अमेरिकनांची सहाशेच्या आसपास विमानं गेली, काही जपान्यांमुळे पण बरीचशी हवेमुळे, ढग, बर्फ आणि दिसेनासा झालेला डोंगर. विल्यम्स तिथं सार्जंट होता. आणि तिथंच, दोन उड्डाणांच्या मधे, पावसात आणि डासांत त्यानं पहिल्या कादंबरीचा कच्चा खर्डा लिहिला.

मी कधीकधी कल्पना करतो. आसामातला धो धो पाऊस, पत्र्याचं छप्पर, आणि विशीतला एक टेक्ससचा पोरगा कागद भिजू नयेत म्हणून धडपडतोय. बाकी कादंबरी काही खास नाही हं. १९४८ ला डेन्व्हरच्या ऍलन स्वॅलो या छोट्या प्रकाशकानं छापली. 'नथिंग बट द नाइट' तिचं नाव. त्याचं त्यालाही पुढं तिचं फार कौतुक नव्हतं म्हणतात आणि वाचल्यावर का ते कळतं. सगळं आतल्या आत कुढणं, वाक्यं जड. पहिल्या कादंबरीत माणूस जे करतो तेच.

आता इथं एक गोष्ट आहे जी विल्यम्सवरच्या लेखांमध्ये लोक एका ओळीत उरकतात आणि मला मात्र तिच्यावर थांबावंसं वाटतं. युद्धावरून परत आलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलायचा असा कायदा अमेरिकेनं १९४४ ला केला, जीआय बिल म्हणतात त्याला. फी सरकारची, वर राहायखायला महिन्याचे पैसे. त्यातून जवळजवळ २२ लाख माणसं कॉलेजात गेली, ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं अशी कितीतरी. विल्यम्स त्यातलाच एक. डेन्व्हर विद्यापीठातून बीए, मग एमए, मग मिझुरीतून १९५४ ला पीएचडी, आणि परत डेन्व्हरला मास्तर म्हणून. त्या एवढ्या पोरांना शिकवायला मास्तर लागणारच ना, वर्ग वाढले, विभाग वाढले, जागा निघाल्या. पोस्टातल्या झाडूवाल्याचा सावत्र पोरगा प्रोफेसर झाला तो प्रतिभेमुळे हे आहेच, पण जागा निघाली होती म्हणूनही. आमच्याकडे प्रतिभा असलेली माणसं मी स्टाफरूममध्ये डबा खाताना पाहिलीयत, जागा निघायची तेवढी राहिली होती.

असो. डेन्व्हरला तो तीसेक वर्षं होता, १९८५ ला रिटायर होईपर्यंत. क्रिएटिव्ह रायटिंगचा विभाग चालवला, १९६६ ला विद्यापीठाचं एक साहित्याचं त्रैमासिक सुरू केलं, 'डेन्व्हर क्वार्टर्ली', ते अजून निघतं. दोन कवितासंग्रह. चार लग्नं. भयंकर सिगरेटी, त्याच्या जोडीला दारू. या सगळ्यात कादंबऱ्या किती, तर चार. त्यातली पहिली सोडली तर तीन. पाचवी अर्धी राहिली.

आणि एक भानगड पण आहे, ती सांगितलीच पाहिजे, कारण नेटवर फिरणाऱ्या विल्यम्समध्ये ती नसते. १९६३ ला त्यानं इंग्लिश रेनेसान्सच्या, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातल्या कवितेचं एक संकलन संपादित केलं. कवितेचे मोठे समीक्षक आयव्हर विंटर्स यांचं म्हणणं पडलं की यातल्या कवितांची निवड माझ्यासारखी आणि प्रस्तावनेतला विचारही माझाच. शेवटी प्रकाशकाला विंटर्सचं ऋण मान्य करणारा मजकूर घालावा लागला. म्हणजे बघा, ज्यानं प्रामाणिकपणावर शतकातली एक थोर कादंबरी लिहिली, ज्या कादंबरीत हिरो एका बोलघेवड्या पण पोकळ विद्यार्थ्याला पास करायला नकार देतो आणि त्यापायी जन्माचं नुकसान करून घेतो, त्याच माणसावर कादंबरी यायच्या दोनच वर्षं आधी हा ठपका. मला यात विल्यम्स लहान झालेला वाटत नाही. उलट मला वाटतं स्टोनर त्यानं अशाच कुठल्यातरी जागेवरून लिहिला असणार, जे आपल्यात नाही ते कागदावर तरी नीट उभं करावं. हा माझा आपला अंदाज. पण स्टोनर म्हणजे विल्यम्स असं समजून जे लिहितात त्यांनी एकदा तारखा बघाव्यात. एक गाव न सोडलेला, एकच लग्न शेवटपर्यंत ओढलेला, हळू बोलणारा माणूस, आणि दुसरीकडे हा चार लग्नांचा, गळ्याला स्कार्फ गुंडाळणारा, पार्टीत शेवटपर्यंत बसणारा.

'बुचर्स क्रॉसिंग' १९६० ची. हार्वर्ड सोडून आलेला एक पोरगा १८७० च्या दशकात कॅन्ससमध्ये म्हशींच्या, म्हणजे तिकडच्या बायसनच्या शिकारीला पैसे घालतो. कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका खोऱ्यात हजारोंचा कळप सापडतो आणि ते मारत सुटतात, मारत सुटतात, इतके की निघायची वेळ चुकते आणि बर्फात सहा-आठ महिने अडकतात. मरता मरता वाचून परत येतात तर कातड्यांचा भाव पार पडलेला, कुणी फुकट घेईना. मी ही वाचली ते वर्ष आमच्याकडे कांद्याचं वाईट वर्ष होतं. चाळीत कांदा सडत होता आणि मी वाचत होतो की कातड्यांचे ढीग कुजतायत. वडिलांना गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "वखारीत ठेवायचं नाय, हाय त्या भावाला देऊन मोकळं व्हायचं." पुस्तक निघालं तेव्हा लोकांनी ते काऊबॉयछाप वेस्टर्न समजून बाजूला टाकलं, म्हणजे पुस्तकाच्याही कातड्याला भाव आला नाही.

मग १९६५, 'स्टोनर'. त्याच्या एजंटबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की फार अपेक्षा ठेवू नका. दोन हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत आणि वर्षभरात छपाई बंद. पुढं १९७२ ला 'ऑगस्टस', रोमन सम्राटावर, आणि तिला १९७३ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. तोही अर्धा, कारण निवड समितीचं एकमत होईना म्हणून जॉन बार्थ या दुसऱ्या कादंबरीकाराबरोबर वाटून दिला, त्या बक्षिसाच्या इतिहासात कादंबरीचं असं पहिल्यांदाच झालं. १९९४ ला आर्कान्सामध्ये वारला, फुप्फुसं गेलेली, ऑक्सिजनवर होता.

त्यानंतरची गोष्ट सगळ्यांना माहितीय. २००३ ला इंग्लंडात आणि २००६ ला न्यू यॉर्कमध्ये 'स्टोनर' पुन्हा छापली गेली. २०११ ला अॅना गाव्हाल्दा या फ्रेंच लेखिकेनं ती फ्रेंचमध्ये आणली, मग हॉलंडात, इटलीत, इस्रायलमध्ये बेस्टसेलर, आणि २०१३ ला वॉटरस्टोन्स या इंग्लंडातल्या पुस्तकदुकानांच्या साखळीनं तिला वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक ठरवलं. अठ्ठेचाळीस वर्षांनी. लेखक जाऊन एकोणीस वर्षं.

ही गोष्ट व्हॉट्सऍपवर फिरायला फारच सोयीची आहे. धीर धरा, काम करत राहा, जग दखल घेईल. आमच्या ग्रुपवर पण कुणीतरी टाकली होती सकाळच्या फुलांच्या फोटोवर. मला तिचा राग येतो. मेलेल्या माणसाच्या प्रती खपल्या त्यात त्याला काय मिळालं. आणि दुसरं म्हणजे त्यानं वाट बघितल्याचं कुठं दिसत नाही. एजंटबाईंना त्यानं उत्तर दिलं होतं ते साधारण असं की बेस्टसेलरचा भ्रम मला नाही, पण हे चांगलं पुस्तक आहे आणि कधीतरी कदाचित ते बरंच चांगलं मानलंही जाईल. मग दुसऱ्या दिवशी तो वर्गावर गेला असणार. पगार होता ना. पगार असला की असं म्हणता येतं. मराठीचे सर आठवतात.

रिटायर होताना एका मुलाखतीत विल्यम्सला स्टोनरबद्दल विचारलं, तर त्याचं म्हणणं होतं की लोकांना या माणसाचं आयुष्य दुःखी वाटतं, मला मात्र ते फार चांगलं वाटतं, कारण त्याला जे करायचं होतं ते तो करत होता आणि आपण करतोय ते महत्त्वाचं आहे याची त्याला थोडी जाणीव होती. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं बघा, विल्यम्स आणि आमचे मराठीचे सर एकच बोलतायत. मग वाटलं नाही, थोडा फरक आहे. तो काम म्हणतोय, सर नोकरी म्हणतायत. मग वाटलं हा फरक ज्याला नोकरी आहे त्यालाच दिसतो. अजून माझं यावर एकमत झालेलं नाही, माझ्याशीच.

कादंबरीतला आमच्या स्टाफरूमचा आवडता भाग वेगळाच होता. लोमॅक्स नावाचा हेड स्टोनरला काढू शकत नाही, कारण तो पर्मनंट, म्हणून टाइमटेबलमधून छळतो. वर्षानुवर्षं फक्त पहिल्या वर्षाचे वर्ग, आडवेळेला, मधे मोठाले गॅप, शनिवारीसुद्धा. हे मी सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. सातला पहिला तास आणि एकदम साडेबाराला शेवटचा हे आमच्यातल्या प्रत्येकानं भोगलेलं. "च्यायला, म्हणजे हे मिझुरीतनं आलंय होय," असं एक मॅडम म्हणाल्या. आणि स्टोनर त्याचा सूड कसा घेतो तर पहिल्या वर्षाच्या पोरांना तो निबंधलेखन सोडून आपलं वरच्या वर्गांना शिकवायचं मध्ययुगीन साहित्य शिकवायला लागतो, ते पण जीव तोडून. पालक बोंबलतात, शेवटी हेडला नमतं घ्यावं लागतं. एवढा गोड सूड मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. आमच्यापैकी कुणी तसं केलं असतं तर पुढच्या जूनमध्ये नियुक्तीपत्र आलं नसतं, तो भाग वेगळा.

पण ज्या प्रसंगासाठी ही कादंबरी मी चार वेळा वाचली तो सुरुवातीलाच येतो. स्टोनर दुसऱ्या वर्षाला आहे, शेतकीचा विद्यार्थी, आईच्या एका नातेवाइकाच्या घरी राहतो आणि राहण्याखाण्याच्या बदल्यात त्यांची गुरं, डुकरं, लाकडं सगळं बघतो. इंग्रजीचा पेपर सक्तीचा म्हणून वर्गात बसलाय. आर्चर स्लोन नावाचे म्हातारे, कडवट सर शेक्सपिअरचं ७३ वं सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, म्हणतात आणि विचारतात याचा अर्थ काय. कुणी बोलत नाही. मग स्टोनरला विचारतात, की शेक्सपिअर तीनशे वर्षं ओलांडून तुझ्याशी बोलतोय, ऐकू येतंय का तुला. स्टोनरला उत्तर देता येत नाही. खिडकीतून ऊन आलंय, ते पोरांच्या चेहऱ्यावर पडलंय, तो स्वतःच्या हातांकडे बघत राहतो, मातीत रापलेल्या बोटांकडे. "याचा अर्थ," एवढं म्हणतो आणि हात जरासे उचलतो, आणि पुढं काही येतच नाही. तास संपतो. पुढच्या टर्मला तो शेतकीचे विषय सोडून देतो.

ते सॉनेट आम्हाला टीवायच्या, म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाच्या, स्पेशल इंग्लिशला होतं. म्हातारपणावर आहे. आधी पानगळीची फांदी, मग मावळतीनंतरचा उजेड, मग विझत आलेला विस्तव, जो स्वतःच्याच राखेवर पडलाय आणि ज्यानं त्याला पोसलं त्यानंच तो संपतोय. ही विस्तवाची ओळ शिकवायला कठीण. गाइडमध्ये तिच्यावर जे लिहिलेलं असतं ते लिहिणाऱ्याला समजलं असेल का अशी शंका येते. मी फळ्यावर दोन बाण काढले, लाकूड, राख, परत विस्तव, आणि बोलत सुटलो. समोर अकरा पोरं. सात मुली पुढच्या दोन बाकांवर, वहीत बाण उतरवतायत. शेवटच्या बाकावर एक मुलगा, पहाटे डेअरीवर दूध मोजायला असायचा, तासाला बहुतेक झोपायचा, मी उठवत नव्हतो. तो म्हणाला, "सर, राख काढली न्हाय की इस्तू गुदमरतोय."

मी म्हटलं, काय?

"चुलीत, सर. लाकडाचीच राख असती ती. काढली न्हाय तर हवा जात न्हाय खालनं. आय रोज काढती. एकदा म्हातारीनं म्हंजे आज्जीनं काढली न्हाय, आजारी हुती, तर सारखी फुंकणी मारावी लागली, तरी धूरच."

मुली हसल्या, त्याच्या बोलण्याला. मी फळ्याकडे वळलो आणि बाण पुसले. सहा वर्षांत ती ओळ मला पहिल्यांदा कळली ती तेव्हा. मी ती इंग्रजीत पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती, सेटला तिच्यावर प्रश्न आला तो बरोबर सोडवला होता, आणि आमच्या घरी आठवीपर्यंत चूल होती, राख काढायचं काम माझ्याकडेच होतं.

त्याला मी काय म्हणालो? काहीच नाही. "बरोबर," म्हणालो. बेल झाली. स्लोन सर असते तर त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं असतं की तू मास्तर होणार आहेस, कादंबरीत ते स्टोनरला तसं सांगतात, कारण तू प्रेमात पडलायस, इतकं सोपं आहे. मी त्याला तसं सांगायला हवं होतं का हा प्रश्न मला रात्री पडतो कधीकधी. सांगून काय, तर ये इकडे, आमच्या डब्याला एक डबा अजून. त्यानं पुढं बीए पूर्ण केलं आणि डेअरीतच सुपरवायझर झाला. त्याला पगार वेळेवर होतो.

मी पण सोडलं. आता पुण्यात एका कंपनीत अभ्यासाचे व्हिडिओ बनतात त्यांची स्क्रिप्ट लिहितो, सातवी ते दहावी इंग्रजी, एक कविता चार मिनिटं.

मागच्या दिवाळीच्या आधी बँकेचा मेसेज आला. ११,४०० रुपये जमा. कशाचे ते कळेना, मग मराठीच्या सरांना फोन केला तर त्यांनाही आले होते, वेगळी रक्कम. शेवटच्या सत्रातल्या दोन महिन्यांचं बिल, तीन वर्षांनी मंजूर झालेलं. सर म्हणाले पार्टी दे. मी म्हटलं येतो गावाकडं आलो की. ते अजून तिथंच आहेत, अजून तासिकेवर, कॉलेजच्या मूल्यांकनाची, नॅकची फाइल बनवत होते.

त्या पैशातनं बायकोला साडी घेतली आणि 'ऑगस्टस' मागवली, तेवढीच वाचायची राहिली होती. सगळी पत्रांची कादंबरी आहे, रोमभर सगळे एकमेकांना ऑगस्टसबद्दल लिहितायत, मित्र, दुश्मन, कवी, त्याची पोरगी डायरीत. दोनशेच्या आसपास पानं झालीयत. ऑगस्टस अजून स्वतः एक शब्द बोललेला नाही.